"वयच तसं आहे" म्हणून किती दिवस थांबायचं?

गेली बरीच वर्षं मी १६ ते २२ वयाच्या मुलामुलींना शिकवतेय, त्यामुळे पालक भेटतात, इतर शिक्षक भेटतात, आणि कुणाच्या वागण्याबद्दल विषय निघाला की हमखास एक उत्तर येतं, वयच तसं आहे हो, जाईल आपोआप. मुलगा खोलीतून बाहेर येत नाही, वयच तसं आहे. मुलगी साध्या बोलण्यावर वसकन अंगावर येते, वयच तसं आहे. रात्र रात्र जागतोय, अभ्यासातलं लक्ष उडालंय, जुने मित्र तुटलेत, तरी वयच तसं. हे वाक्य बोलणाऱ्यांचा मला राग येत नाही, ते प्रेमापोटीच बोलतात, स्वतःला आणि समोरच्याला धीर द्यायला बोलतात. पण याच वाक्यापायी पोरांची वर्षंच्या वर्षं त्रासात जातात, आणि मला आज त्याबद्दलच लिहायचंय.

कारण वय तसं आहे म्हणूनच तर जास्त लक्ष द्यायला हवं. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००५ साली आले होते, त्यात दिसलं की ज्यांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार होतो त्यांच्यातल्या निम्म्या लोकांचा त्रास वयाच्या १४ पर्यंत सुरू झालेला असतो आणि पाऊण लोकांचा २४ पर्यंत. म्हणजे बघा, ब्लडप्रेशर, हार्ट, गुडघे ही दुखणी साधारण उतारवयाकडे येतात आणि मनाची दुखणी मात्र ऐन उमेदीत, माणूस घडत असतानाच सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात १० ते १९ वयाच्या दर ७ जणांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार आहे. ४० मुलांचा वर्ग डोळ्यासमोर आणा, त्यात अशी पाच-सहा मुलं झाली. आणि यातल्या बहुतेकांचा त्रास ना कुणाच्या लक्षात येत, ना त्यावर काही उपचार होत.

आता "वयच तसं" हे वाक्य पूर्ण खोटं असतं तर सोपं होतं, पण ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच फसवं आहे. या वयात मेंदूत खरंच उलथापालथ चालू असते. भावना आणि बक्षिसाची ओढ सांभाळणारे भाग वयात येताना एकदम जोरात चालू लागतात, आणि विचार करून थांबणं, पुढचा अंदाज घेणं, स्वतःला आवरणं हे ज्याच्यावर अवलंबून असतं तो कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. त्यामुळे चिडचिड, हट्ट, एका क्षणी आनंद आणि दुसऱ्या क्षणी दार आपटणं, मित्रांनी ग्रुपमधून वगळलं तर जगबुडी झाल्यासारखं वाटणं, हे सगळं होतंच. त्यात नाटक नसतं, त्यांना ते तेवढ्याच तीव्रतेने जाणवत असतं. पण त्यावरून पौगंडावस्था म्हणजे वादळच असायचं आणि प्रत्येकाने त्यातून जायचंच, ही जी समजूत आहे ना, ती जुनी आहे. स्टॅन्ली हॉल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये ती मांडली आणि ती लोकांच्या डोक्यात बसली ती बसलीच. नंतर साध्या, दवाखान्यात न गेलेल्या मुलांचे अभ्यास झाले तेव्हा दिसलं की बहुतेक मुलं हे वय थोडीफार भांडत, थोडीफार रडत पण बऱ्यापैकी नीट पार करतात. म्हणजे एखादं पोर महिनोन् महिने नीट नसेल तर ते "सगळ्यांसारखं" नाहीये. त्याला काहीतरी होतंय.

मग ओळखायचं कसं? इथे सगळ्यात मोठी अडचण ही की आपल्या डोक्यात डिप्रेशनचं एक चित्र पक्कं असतं, कोपऱ्यात बसून रडणारं माणूस. या वयात ते तसं दिसेलच असं नाही. डॉक्टर ज्या निकषांवर डिप्रेशनचं निदान करतात त्यांच्यात लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी मुद्दाम लिहिलंय की उदास मनाऐवजी चिडकेपणा हेही मुख्य लक्षण असू शकतं. मुलगा रडत नाही, खेकसतो, आणि आपण म्हणतो याला माज आलाय. कुणाचं पोट दुखतं, कुणाचं डोकं, सगळ्या टेस्ट नॉर्मल येतात आणि मग "नाटकं करते" असा शिक्का बसतो, दुखणं मात्र खरं असतं, मनातली भीती शरीरातून बोलत असते. कुणी एकदम बेफिकीर होतं, गाडी जोरात चालवणं, दारू, नको त्या पैजा, आणि हे मुलग्यांमध्ये असलं की लोक त्याला मर्दपणात मोजतात. आणि एक प्रकार असा की जो कुणालाच दिसत नाही, तो म्हणजे हुशार, शिस्तीची, सगळ्यांना मदत करणारी, पेपरात एक मार्क गेला तर रात्रभर न झोपणारी मुलं. त्यांचे मार्क चांगले असतात म्हणून त्यांची चौकशी कुणी करतच नाही. अशा मुलांकडे मी आता सगळ्यात आधी बघते.

मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही आणि कुठल्याच पालकाचं नाही. पण मनात तीन प्रश्न ठेवले की बराच उलगडा होतो. हे मूल आधी असं होतं का? म्हणजे शेजारच्याशी तुलना नाही, त्याची त्याच्याशीच. मुळातच अबोल असलेलं मूल गप्प आहे तर ठीक, पण बडबडं मूल गप्प झालं तर ती बातमी आहे. दुसरं, किती दिवस झाले? ब्रेकअप झालं, रिझल्ट खराब लागला, तर चार-आठ दिवस वाईट जाणारच, पण जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ, आणि हे दोन आठवड्यांच्या वर, तर थांबायचं नाही. डॉक्टरही डिप्रेशनसाठी दोन आठवडे हीच मर्यादा धरतात. आणि तिसरं, किती ठिकाणी? फक्त घरी आई-वडिलांशी वाकडं आणि मित्रांत मात्र मस्त हसतंय, तर तो बहुतेक घरातल्या नात्याचा प्रश्न असतो, त्यावर बोलायला हवंच पण वेगळ्या पद्धतीने. घर, वर्ग, मैदान, मित्र, आवडती गोष्ट, सगळीकडूनच मन उठलं असेल तर ते आजाराकडे बोट दाखवतं. विशेषतः आवडीची गोष्ट सुटली तर. गिटार वाजवणारीने गिटारला हात लावला नाही, मॅच न चुकवणारा मॅच बघत नाही, हे मला मार्क घसरण्यापेक्षा जास्त गंभीर वाटतं.

अँझायटीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण तिचं यंत्र समजलं की घरातली निम्मी भांडणं थांबतील. समजा एका मुलीला वर्गात सगळ्यांसमोर बोलायची भीती वाटते. प्रेझेंटेशनच्या दिवशी तिच्या पोटात गोळा येतो, ती घरी राहते, आणि घरी राहिल्याबरोबर तिला हायसं वाटतं. बस, हे हायसं वाटणंच घात करतं. मेंदू त्यातून शिकतो की संकट खरंच होतं आणि पळाल्यामुळे आपण वाचलो, म्हणून पुढच्या वेळी भीती अजून मोठी होते आणि अजून लवकर सुरू होते, आधी प्रेझेंटेशन, मग तो तास, मग तो दिवस, मग कॉलेजच. घरचे दोनपैकी एक करतात, एक तर जबरदस्तीने ढकलतात, जा, काही होत नाही, नाही तर कळवळून सगळ्यातूनच सोडवतात, राहू दे ग, नको जाऊस. दोन्हीने भीती वाढते. उपाय मधला आहे आणि हळू आहे, छोट्या छोट्या पायऱ्यांनी त्या गोष्टीला सामोरं जायचं, भीती असतानाच जायचं, आणि ती आपोआप ओसरते हे शरीराला अनुभवू द्यायचं. आधी एका मैत्रिणीसमोर बोलायचं, मग तिघींसमोर, मग वर्गात एकच वाक्य. थेरपिस्ट हे नीट आखून करून घेतात आणि अँझायटीवर कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचा, जो गुण येतो त्यात या सामोरं जाण्याचा वाटा मोठा आहे.

आता झोप. मला तर वाटतं या विषयावर बोलताना सगळ्यात आधी झोपेवर बोलावं आणि आपण सगळ्यात शेवटी बोलतो. वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे बहुतेक पोरांना ११ च्या आधी झोप येतच नाही, कितीही लाईट बंद करा. आणि गरज किती, तर १३ ते १८ वयात ८ ते १० तास. सकाळी सहाला उठवलं तर हिशोब कुठे बसतो सांगा. म्हणजे आठवडाभर ते पोर झोपेच्या उधारीवर जगतं, रविवारी दुपारपर्यंत झोपतं आणि आपण त्याला आळशी म्हणतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी ८:३० च्या आधी भरवू नका. सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये शाळेची वेळ जवळजवळ तासाभराने पुढे नेली, तेव्हा सगळ्यांनी म्हटलं पोरं अजून उशिरा झोपतील, काय उपयोग, पण मनगटावर यंत्र बांधून मोजलं तर मुलं रोज ३४ मिनिटं जास्त झोपत होती. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, २०२२ पासून तिथे बहुतेक हायस्कुलं ८:३० च्या आधी भरत नाहीत. शाळेची वेळ बदलणं आपल्या हातात नसेल, पण रात्री दहा ते बारा या वेळात क्लास, होमवर्क, टेस्ट न कोंबणं तरी नक्की आपल्या हातात आहे. कमी झोपेने मूड बिघडतो, बिघडलेल्या मूडने झोप उडते, हे दोन्ही बाजूंनी चालतं, म्हणून कुणाचंही काही बिनसलंय असं वाटलं की मी पहिला प्रश्न विचारते, झोप कशी आहे रे. या प्रश्नाची लाज कुणालाच वाटत नाही आणि उत्तरात बाकीचं आपोआप येतं.

मोबाईलचं काय, हे विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. खरं सांगायचं तर संशोधकांचंच यावर एकमत नाहीये, सरसकट सगळ्या मुलांवर सोशल मीडियाचा परिणाम किती यावर वाद चालू आहे. पण काही गोष्टी वर्गात बसूनही कळतात. किती तास यापेक्षा त्या तासांनी काय गिळलं ते महत्त्वाचं, झोप गिळली का, खेळ गिळला का, प्रत्यक्ष भेटणं गिळलं का. आणि स्क्रीनवर त्याच्याशी काय होतंय तेही. एखादी मुलगी रात्री एक वाजता फोन बघत असते तेव्हा ती रील बघत असेल, नाही तर तिचा फोटो फिरवून कुणीतरी तिला धमकावत असेल, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फोन जप्त केला तर पहिलीला कदाचित फायदा होईल, दुसरी मात्र पुढच्या वेळी तुम्हाला काही म्हणजे काही सांगणार नाही, कारण सांगितलं की फोन जातो हे तिला पक्कं कळलेलं असतं. आणि ज्याचे वर्गात कुणीच मित्र नाहीत अशा मुलाचा एकमेव मित्र त्या फोनमध्ये असू शकतो. रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर, सगळ्यांचाच, आईबाबांचाही, एवढा एक नियम मला पटतो. बाकी आधी विचारा.

आणि हे सगळं बोलताना आपण शाळकरी मुलांपाशीच थांबतो, १८ ते २५ वाली पोरं कुणाच्याच हिशोबात नसतात. कागदावर मोठी झाली, लहान मुलांच्या डॉक्टरकडचा त्यांचा हक्क संपला, मोठ्यांच्या दवाखान्यात गेलं तर आजूबाजूला वीस वर्षांचे जुने पेशंट बघून घाबरून परत येतात. घर सोडून हॉस्टेल, नाही तर पहिली नोकरी, हजेरी घेणारं कुणी नाही, जेवला का विचारणारं कुणी नाही, दोन महिने लेक्चरला नाही गेला तरी घरी कळत नाही. आणि नेमक्या याच वयात काही गंभीर आजार पहिल्यांदा डोकं वर काढतात, बायपोलर, स्किझोफ्रेनिया यांची सुरुवात बरेचदा विशीच्या आगेमागे होते. सुरुवात ठळक नसते, मूल लोकांपासून तुटत जातं, लोक आपल्याबद्दल बोलतायत असा संशय, विचारांचा धागा सुटणं, कुणी नसताना आवाज ऐकू येणं, नाही तर उलट, दिवसचे दिवस न झोपता प्रचंड उत्साह आणि वारेमाप खर्च. अशा वेळी बघू, होईल म्हणत घालवलेला प्रत्येक महिना महाग पडतो, कारण आवाज-भास सुरू झाल्यापासून उपचार जितके उशिरा तितकं सावरणं कठीण हे पुन्हा पुन्हा दिसलंय. ऑस्ट्रेलियातले सायकॅट्रिस्ट पॅट्रिक मॅकगोरी यांनी हाच मुद्दा आयुष्यभर लावून धरला, आणि तिथे २००६ मध्ये हेडस्पेस नावाची सेवा उभी राहिली, १२ ते २५ वयासाठी, एकाच छताखाली मनाचं, शरीराचं, नशेचं, अभ्यास-नोकरीचं सगळं. १८ ची रेघ त्यांनी मुद्दामच मोडली. माझ्या मते प्रत्येक ठिकाणी असं हवं, आणि ते होईपर्यंत निदान प्रत्येक कॉलेजात दार बंद करून बोलता येईल अशी एक खोली आणि एक शिकलेला काउन्सेलर तरी हवाच हवा.

बोलायचं कसं, यावर लोक मला सगळ्यात जास्त विचारतात. एका मुलाचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वर्गात एकदम हजरजबाबी होता, मग काही महिन्यांत शेवटच्या बाकावर गेला, उत्तरं तिरकस, असाइनमेंट बंद. स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकच मत, याला शिंगं फुटलीत. एकदा पेपरांचे गठ्ठे न्यायला मी त्याला सोबत घेतलं आणि चालता चालता म्हटलं, तू आधी वर्गात बोलायचास, आता दोन महिने झाले बोलत नाहीस, मला तुझी काळजी वाटतेय. तो काही बोलला नाही. मीही नाही. जिना उतरून झाल्यावर म्हणाला, मॅडम, मला वाईट वगैरे वाटत नाही, मला काहीच वाटत नाही. त्याच आठवड्यात तो काउन्सेलरकडे गेला, मी दारापर्यंत सोबत गेले, पुढे औषधंही लागली. या सगळ्यात मी काही ग्रेट केलं नाही, पण काही गोष्टी बरोबर जुळून आल्या आणि त्या कुणालाही जमतात. समोरासमोर बसवून "बोल, काय झालंय" असं विचारलं नाही, शेजारी चालताना विचारलं, डोळ्याला डोळा नसला की पोरं बोलतात. दोष दिला नाही, जे दिसलं तेच सांगितलं. आणि तो गप्प राहिला तेव्हा ती जागा मी उपदेशाने भरली नाही, हे सगळ्यात अवघड असतं.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं", "तुला कमी काय आहे", "पॉझिटिव्ह विचार कर", ही वाक्यं कानावर पडली की पोरं मिटून जातात. तुला कमी काय आहे हे तर फारच लागतं, कारण तो प्रश्न ती स्वतःला रोज विचारत असतात आणि उत्तर मिळत नाही म्हणून स्वतःचाच तिरस्कार करत असतात. त्याऐवजी, हे ऐकायलाच किती जड आहे, तू एकट्याने कसं सहन केलंस, एवढं म्हटलं तरी पुरतं. पहिल्याच बोलण्यात उपाय सुचवू नका.

आणि एक प्रश्न जो विचारायला सगळे घाबरतात. जीव द्यावासा वाटतो का, हे विचारलं तर पोराच्या डोक्यात नसलेलं घालू असं लोकांना वाटतं. तसं होत नाही, यावर अभ्यास झालेत, विचारल्याने असे विचार वाढतात असं त्यात दिसलं नाही, उलट बरेचदा माणसाला सुटल्यासारखं वाटतं की कुणीतरी एकदाचं विचारलं. १५ ते २९ वयात जगभर जे मृत्यू होतात त्यांच्या कारणांमध्ये आत्महत्या तिसऱ्या नंबरवर आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात संकोच परवडणारा नाही. शांतपणे, सरळ शब्दांत विचारा, "कधी कधी एवढा त्रास झाला की लोकांना मरावंसं वाटतं, तुला वाटतं का तसं?" हो म्हणालं तर ओरडू नका, रडू नका, शपथा घालू नका, ऐका, आणि त्याला एकटं सोडू नका. ठरवलंय का, कसं, कधी, हे पण विचारा, आणि उत्तर स्पष्ट असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, इमर्जन्सी किंवा हेल्पलाईन. घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू कुलुपात किंवा घराबाहेर. हे किरकोळ वाटतं पण जीव वाचवणारं आहे, कारण टोकाची ती ऊर्मी बरेचदा थोड्या वेळाची असते, ती ओसरेपर्यंत हाताशी काही नसणं आणि शेजारी माणूस असणं, याने माणसं वाचतात. कुणाला सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नका. तुझ्या जिवाचं असेल तर मी कुणाला तरी सांगणार, पण तुला न विचारता मागच्या मागे नाही सांगणार, असं म्हणा.

हेच मी मित्रमैत्रिणींना सांगते, कारण पोरं सगळ्यात आधी मित्रालाच सांगतात, रात्री दोन वाजता मेसेज करून, आणि वर "शप्पथ, कुणाला सांगू नकोस" असतं. १७ वर्षांच्या मुलीने दुसऱ्या १७ वर्षांच्या मुलीचा जीव एकटीने सांभाळायचा, हे ओझं फार आहे गं. सांग. एखाद्या मोठ्या माणसाला सांग. मैत्रीण चिडेल, कदाचित बोलणार नाही, चालेल.

आणि तुला स्वतःलाच हे होत असेल तर. कुठून सुरू करू कळत नाही, आवाज फुटत नाही, घरी सांगितलं तर काय होईल याची भीती, हे सगळं मला माहितीये. एक वाक्य पाठ करून जा, "मला काही आठवड्यांपासून नीट वाटत नाहीये आणि मला डॉक्टरला भेटायचंय." कारण सांगायची गरज नाही. बोलता येत नसेल तर लिहून दे, मेसेज कर. पहिल्या माणसाने उडवून लावलं तर दुसऱ्याला सांग, मग तिसऱ्याला, काका, आत्या, शिक्षक, फॅमिली डॉक्टर, मोठा भाऊ. त्या पहिल्याला ऐकता आलं नाही, याचा अर्थ तुझा त्रास खोटा आहे असा होत नाही.

मदत म्हणजे कोण, यातही गोंधळ असतो. काउन्सेलर आणि सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात, सायकॅट्रिस्ट एमबीबीएसनंतर मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, औषध तेच देतात. सौम्य त्रास असेल तर नुसत्या थेरपीनेही भागतं. तिथे जाऊन नुसतं बोलायचं असं नसतं, घरी करायला काम मिळतं, उदाहरणार्थ डिप्रेशनमध्ये मन होईल तेव्हा करू असं न म्हणता रोज एक छोटी ठरवलेली गोष्ट करायची, दहा मिनिटं चालणं, अंघोळ, एका मित्राला फोन, कारण या आजारात आधी कृती येते आणि मन मागून येतं. पहिला थेरपिस्ट नाही पटला तर बदला, त्यात काही अपमान नाही कुणाचा.

औषधांची भीती सगळ्यात जास्त, आणि इंटरनेटवर अर्धवट वाचून ती वाढते, म्हणून हे नीट लिहिते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये डिप्रेशनच्या औषधांवर मुलांसाठी ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. कारण असं की चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्या मुलांत साधारण ४ टक्क्यांना आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं आणि तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत २ टक्क्यांना, त्या चाचण्यांत आत्महत्या मात्र एकही झाली नव्हती. याचा अर्थ औषध नको असा नाही, याचा अर्थ पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलताना घरच्यांनी जवळून लक्ष ठेवायचं, अस्वस्थपणा एकदम वाढला, झोप पूर्ण उडाली तर लगेच डॉक्टरांना फोन करायचा. गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून चौथ्या दिवशी काही फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनाने एकदम बंदही करू नका, डॉक्टर ते हळूहळू कमी करतात.

बरं वाटायला लागल्यावरचे दिवस पण जपायचे असतात, त्याबद्दल कुणी सांगत नाही. पोर आठवडाभर छान असतं आणि मग एक दिवस परत उठत नाही, घरच्यांचे चेहरे उतरतात, आणि त्या चेहऱ्यांकडे बघून त्याला वाटतं मी परत सगळ्यांना निराश केलं. चढउतार होतच सुधारणा होते, घसरलेला एक दिवस म्हणजे सगळं पहिल्यापासून नाही. रोज सकाळी "आज कसं वाटतंय, गोळी घेतलीस का" एवढंच बोलणं उरलं तर त्या मुलाला घरात फक्त पेशंट म्हणून राहावं लागतं. गोळीचं एकदा ठरवून टाका कोण आठवण करणार ते, आणि बाकीच्या वेळी मॅचबद्दल बोला, कुत्र्याबद्दल बोला, भांडा सुद्धा, आधी भांडायचात तसं.